म्हातारपणाची काळजी : कुणी घ्यायची, कशी घ्यायची?

(दापोली इथं महिलांच्या एका मेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन. उल्लेख आलेल्या बायांची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)



वृद्धाश्रमावर बोला, असं मला सांगण्यात आलं तेव्हा बरोबर एक सूचनाही आली. ‘हल्लीची मुलं आईबापांशी कशी वागतात ते जरा सांगा, म्हणजे डोळे उघडतील.’ या विषयावरची अशी भाषणं आपण सगळ्यांनी ऐकलेली आहेत. त्यात एक परदेशी गेलेला मुलगा असतो, एक तुसडी सून असते आणि शेवटी खिडकीशी वाट बघत बसलेली आई असते. ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी येतं. मग सगळे घरी जातात आणि सासूचं अंथरूण बदलायला सूनच उठते. मला आज ते भाषण करायचं नाही.

समाजकार्याचं शिक्षण पुरं करून मी या भागात कामाला लागले त्याला आता काही वर्षं झाली. आठवड्यातून दोन दिवस मी एका छोट्या निवासात जाते. जुनं कौलारू घर, मागं नंतर बांधलेल्या दोन खोल्या, वीसेक म्हातारी माणसं. त्यात बायाच जास्त. संस्थेचं नाव सांगत नाही, कारण मी बोलणार आहे ते एका संस्थेबद्दल नाही. अशी छोटी निवासं कोकणात आणि इतरत्रही आहेत. काही चांगली चालतात, काही कशीबशी चालतात. तिथं जे दिसतं त्यावरून मला एक गोष्ट मांडायची आहे.

म्हाताऱ्या माणसाची काळजी घेणं हे काम आहे. माया असली तरी ते कामच आहे. त्याला वेळ लागतो, अंगात ताकद लागते, शिकलेले हात लागतात, पैसा लागतो. घरात हे काम सून फुकट करते. निवासात तेच काम शेजारच्या वाडीवरची मावशी थोडक्या पैशात करते. दोघींच्या कामाला आपण ‘सेवा’ म्हणतो आणि तिथंच विषय संपवतो. या कामाला काम म्हटल्याशिवाय ते करणारीचंही भलं होणार नाही आणि जिची काळजी घ्यायची त्या म्हातारीचंही नाही.

पेन्शनरांच्या गावात

आपली दापोली पेन्शनरांचं गाव. ‘कॅम्प दापोली’ हे नावच लष्करी छावणीवरून पडलं. १८१८ मध्ये दक्षिण कोकणची छावणी इथं आली. १८४० मध्ये नेहमीची फौज हलवली, पण वयस्क शिपायांची एक पलटण १८५७ पर्यंत इथं ठेवलेली होती. पुढंही लष्करातून निवृत्त झालेली माणसं इथं येऊन राहत. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ निवृत्तीनंतर काही काळ इथंच राहिले होते.

पेन्शन म्हणजे काय? तू उमेदीच्या काळात काम केलंस, ते आम्ही मोजलं, म्हणून आता तुला बसून खाण्याचा हक्क आहे. शिपायाचं काम मोजलं गेलं. पण कमरेत वाकून भात लावणारी, डोंगरातून लाकडाच्या मोळ्या आणणारी, पाच-सात बाळंतपणं काढून सासू-सासऱ्यांचं शेवटपर्यंत करणारी बाई कुणाच्याही वहीत आली नाही. आजही येत नाही. त्यामुळे निवासात येणारा पुरुष पुष्कळदा पेन्शनचं पासबुक घेऊन येतो, आणि बाई लुगड्यांची पिशवी घेऊन येते.

२०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ बाया होत्या. महाराष्ट्राचा आकडा होता ९२९. हा आकडा ऐकून कुणी म्हणतं, बघा, कोकणात मुलींचं किती कौतुक! त्यातलं मुख्य कारण वेगळं आहे. पुरुष मुंबईला. नवरा गिरणीत, मग मुलगा गिरणीत, गिरण्या बंद पडल्यावर नातू कुठंतरी वॉचमन नाहीतर कुरिअरमध्ये. गावात बाई. तरुणपणी ती शेती सांभाळायला राहिली आणि म्हातारपणी घर राखायला राहिली. चाकरमानी येणार गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात. मधले आठ-नऊ महिने त्या एवढ्या मोठ्या घरात ती एकटी. कलमांकडे बघायचं, पोफळी शिंपायच्या, देवाला दिवा लावायचा, ग्रामपंचायतीची घरपट्टी भरायची. तिला सांभाळायला कुणी नाही, असं आपण म्हणतो. खरं तर तीच सगळ्यांचं सांभाळत असते.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा हे सगळं उघडं पडलं. श्रीवर्धनच्या बाजूला ते किनाऱ्यावर आलं आणि दापोली-मंडणगडचीही दैना करून गेलं. कौलं उडाली, बागा आडव्या झाल्या, कित्येक दिवस वीज नव्हती. त्यात करोनाची टाळेबंदी. मुंबईहून कुणी लगेच येऊ शकेना. कितीतरी घरांत सत्तरी-पंचाहत्तरीच्या बाया ताडपत्रीखाली एकट्या राहिल्या. शेजारणींनी त्यांना जेवायला घातलं. तो मदतीचा हिशेब कुठल्या पंचनाम्यात आला नाही.

एरवी तिचं चालू असतं. मग एक दिवस आषाढात चिऱ्याच्या पायरीवरच्या शेवाळावरून ती घसरते. खुब्याचं हाड मोडतं. आधी उपजिल्हा रुग्णालय, मग कुणी चिपळूणला ने म्हणतं, कुणी डेरवणला. ऑपरेशन होतं. आणि त्यानंतर प्रश्न येतो : आता हिचं कोण करणार?

मुलाची खोली नालासोपाऱ्यात किंवा दिव्याला. एक खोली नि स्वयंपाकघर, चार माणसं, तिसरा मजला, लिफ्ट नाही. सूनही कामाला जाते, कारण एका पगारात भागत नाही. मग घरात तीन पर्याय चर्चेला येतात. सुनेनं नोकरी सोडून गावी यायचं. किंवा लग्न न झालेली, टाकलेली, विधवा अशी कुणी लेक असेल तर ती आहेच. किंवा निवास. पहिले दोन पर्याय बोलताना कुणाला अवघड वाटत नाही. सुनेची नोकरी गेली तरी ‘घरासाठी केलं’ म्हणून मोकळे. तिसरा पर्याय निघाला की मात्र सगळ्या भावकीला लाज वाटायला लागते. ही लाज नेमकी कसली? बाईनं फुकट करायचं काम पैसे देऊन करून घ्यावं लागतं, याचीच ती लाज आहे.

‘आश्रम’ या शब्दाची भीती

आश्रमाची ही लाज आपल्याकडे जुनी आहे. इथून जवळच मुरूड. तिथल्या धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ मध्ये गोदूबाई या विधवेशी लग्न केलं आणि गावानं त्यांच्यावर बहिष्कार घातला. १८९६ मध्ये कर्व्यांनी पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला आणि १९०० मध्ये तो हिंगण्याला नेला. त्या वेळीही लोक हेच म्हणत होते : घरंदाज बाई घर सोडून आश्रमात जाते का? तिचं दीर-जावा बघतील की. आणि ते कसं बघत होते, हे त्या काळच्या विधवांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. मूळच्या देवरुखच्या असलेल्या या गोदूबाईंचं, म्हणजे बाया कर्व्यांचं, ‘माझे पुराण’ आपल्यापैकी पुष्कळजणींनी वाचलं असेल.

म्हणजे घराबाहेरचं छप्पर हे नेहमी दुर्दैवच असतं असं नाही. आमच्याकडे एक निवृत्त शिक्षिका आहेत. लग्न केलं नाही, भाच्यांना शिकवलं. स्वतः चौकशी करून, दोन ठिकाणं बघून, त्या इथं आल्या. पहिल्या दिवशी म्हणाल्या, ‘मला कुणी टाकलेलं नाही बरं का. मी निवडलेलं आहे.’ त्या रोज पेपर मोठ्यानं वाचतात आणि ऐकणाऱ्यांशी भांडतात. त्यांना कुणी बिचारी म्हटलेलं त्यांना खपत नाही. त्यांच्या हातात पेन्शन आहे, म्हणून त्यांना निवडता आलं, हेही खरं. प्रत्येकीला तसं निवडता यावं यासाठी काय लागेल, ते आपण बघायला हवं.

छोट्या निवासातले दिवस

आता आत काय असतं ते सांगते. पहाटे साडेपाचला चहा. मग ज्यांना उठता येत नाही त्यांचं अंग पुसणं, कपडे बदलणं, चादरी बदलणं. नाश्त्याला पेज किंवा उपमा. गोळ्या. बीपी आणि साखर तपासणं. अकराला जेवण, दुपारी पडणं, चारला चहा, संध्याकाळी थोडं फिरणं, टीव्ही, सातला जेवण. जी कूस बदलू शकत नाही तिला दर दोन तासांनी वळवायचं, रात्रीसुद्धा, नाहीतर पाठीला जखमा होतात. एकदा त्या जखमा झाल्या की भरता भरत नाहीत. निवास चांगलं की वाईट हे मी भिंतीच्या रंगावरून ठरवत नाही. मी पाठी बघते.

छोट्या निवासाचा एक फायदा असतो. कुणाला भात मऊ लागतो, कुणाला रात्री अंधाराची भीती वाटते, कुणाला बहिणीची आठवण आली की जेवण जात नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. तोटाही असतो. वेगळी परिचारिका ठेवायला पैसे नसतात, आणि एक कामवाली आजारी पडली की सगळं कोलमडतं. चालवणारी माणसं पुष्कळदा मनापासून करतात. पण मनापासून करणाऱ्यांच्या हातूनही म्हाताऱ्या बाईचं माणूसपण हळूहळू काढून घेतलं जाऊ शकतं. चार गोष्टी सांगते.

पहिली, नाव. निवासात आली की प्रत्येक बाई ‘आजी’ होते. खिडकीजवळच्या आजी, डायपरवाल्या आजी. आयुष्यभर अमक्याची बायको, तमक्याची आई म्हणून राहिलेल्या बाईचं स्वतःचं नाव उरलेलं असतं, तेही इथं जातं. आम्ही खाटेशी नावाच्या पाट्या लावल्या. एका बाईनं विचारलं, ‘माहेरचं लावू?’ आम्ही माहेरचं लावलं. साठ-पासष्ट वर्षांनी त्या नावानं तिला कुणीतरी हाक मारली.

दुसरी, केस. काही ठिकाणी बाई आली की केस बारीक कापून टाकतात आणि साडी काढून गाऊन घालतात. उवा होतात, न्हाऊ घालायला वेळ जातो, साडी सारखी सुटते, ही कारणं खोटी नाहीत. पण विचारायचं तरी? विधवांच्या केशवपनाविरुद्ध लढा झाला त्या महाराष्ट्रात, सोय म्हणून, न विचारता, एका म्हाताऱ्या विधवेचे केस कापले जातात आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. काहीजणी स्वतःहून म्हणतात, काप गं बाई, डोकं हलकं होईल. जी नाही म्हणेल तिची वेणी घालायला दहा मिनिटं लागतात. ती दहा मिनिटं कामाच्या वेळापत्रकात धरायला हवीत.

तिसरी, जेवण. आपण किनाऱ्यावरची माणसं. हर्णैच्या बंदरात रोज मासळीचा लिलाव होतो. पण पुष्कळ निवासांत स्वयंपाक शाकाहारीच असतो, कारण देणगीदारांना तसं आवडतं. मग कोळी, भंडारी, कुणबी, मुसलमान, बौद्ध बाईनं आयुष्याची शेवटची दहा वर्षं माशाच्या कालवणावाचून काढायची. तिनं मागितलं तर ‘या वयात चोचले’. स्वयंपाकात जात अशी शिरते. खोल्या वाटतानाही शिरते : ‘त्यांना जरा वेगळ्या खोलीत द्या, बरं पडेल.’ हे कुणी नियम म्हणून लिहीत नाही, म्हणून त्यावर बोट ठेवता येत नाही. आम्ही भांडून आठवड्यातून एकदा मासे सुरू करून घेतले, वेगळ्या चुलीवर. वेगळी चूल मला अजून पटलेली नाही. पण त्या दिवशी एरवी न जेवणारी एक बाई सुकटीची चटणी दोनदा मागून घेते.

चौथी, पैसा. श्रावणबाळ योजनेची रक्कम २०२३ साली हजारावरून दीड हजार झाली. दीड हजारात महिना भागत नाही, हे सांगायला नको. एकट्या डायपरांवर त्याहून जास्त जातात. तरी तो तिचा पैसा आहे. पण तो मिळवायचा म्हणजे हयातीचा दाखला हवा, उत्पन्नाचा दाखला हवा, बँकेत अंगठा हवा. शेतात काम करून रेषा झिजलेला अंगठा मशीन घेत नाही. आमच्याकडच्या एका बाईला बँकेत तीन खेपा घालाव्या लागल्या. रिक्षाचे पैसे महिन्याच्या रकमेच्या निम्म्यावर गेले. आणि पैसे आल्यावर पासबुक कुणाकडे? मुलाकडे, पुतण्याकडे, नाहीतर संस्थेच्या कपाटात. संस्थेनं खर्चासाठी पैसे घ्यायला माझी हरकत नाही. पण हिशेब तिला वाचून दाखवा, आणि शंभर रुपये का होईना तिच्या उशाखाली राहू द्या. नातू भेटायला आला तर त्याच्या हातावर ठेवायला तिच्याकडे काही असलं पाहिजे.

ज्यांना स्मृतिभ्रंश झाला आहे त्यांच्याबद्दल दोन शब्द. त्या दाराकडे जातात, ‘घरी जायचंय’ म्हणतात, रात्री उठून चूल शोधतात. मग कडी लावली जाते. कधी कधी खाटेला बांधलंही जातं. बांधणारी बाई दुष्ट नसते. रात्रीच्या पाळीला ती एकटी असते आणि वीस माणसं असतात. म्हातारी पडली तर जाब तिलाच विचारणार. म्हणून बांधू नका असं नुसतं सांगून भागत नाही. रात्री दुसरी बाई ठेवा, असं सांगावं लागतं. दुसरी बाई म्हणजे दुसरा पगार. इथं आपण मूळ प्रश्नावर येतो.

मावशीचं काय?

हे काम करणाऱ्या बाया कोण? चाळीस-पंचेचाळीसच्या, आसपासच्या वाड्यांमधल्या. बऱ्याच विधवा, किंवा नवरा दारूत गेलेल्या. कुणालाही रीतसर शिक्षण दिलेलं नसतं. जड माणसाला खाटेवरून खुर्चीत कसं घ्यायचं याची एक पद्धत असते. ती शिकवली नाही तर दोन वर्षांत उचलणारीचीच पाठ जाते. आमच्याकडची एक मावशी दिवसभर दुसऱ्यांच्या सासवांचं करते आणि घरी गेल्यावर स्वतःच्या सासूचं. तिला सुट्टी मागताना मी एकदाच पाहिलं, आणि ती सुट्टी तिनं सासूला दवाखान्यात न्यायला घेतली होती.

भविष्यनिर्वाह निधीचा कायदा साधारणपणे वीस माणसं कामाला असतील तिथून लागू होतो, कर्मचारी विमा दहापासून. छोट्या निवासात पाच-सहा जणी असतात. म्हणजे दुसऱ्यांचं म्हातारपण सांभाळणाऱ्या बाईला स्वतःच्या म्हातारपणासाठी काहीच साठत नाही. तिचा पगार वाढवा म्हटलं की उत्तर येतं, ‘ताई, ही सेवा आहे, इथं पैशाकडे बघून चालत नाही.’ अंगणवाडीताईंना आपण हेच सांगितलं, त्यांच्या मोबदल्याला पगार न म्हणता मानधन म्हटलं. त्यांनी मोर्चे काढले, संघटना केली. काळजी करणाऱ्या बाया मात्र चार भिंतींत दोन-दोन, चार-चार विखुरलेल्या आहेत. त्यांना एकत्र आणायचं काम अजून व्हायचं आहे.

कायदा काय म्हणतो?

आता थोडं कायद्याचं. कृपया लक्ष देऊन ऐका, कारण हे घरी जाऊन चार जणींना सांगायचं आहे.

आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थाचा आणि कल्याणाचा कायदा २००७ साली झाला. साठीच्या पुढच्या, स्वतःच्या उत्पन्नावर भागत नसलेल्या माणसाला मुलांकडे चरितार्थाची रक्कम मागता येते. मुलं म्हणजे मुलगा आणि मुलगी दोघंही, आणि सज्ञान नातवंडं. मूलबाळ नसेल तर ज्या नातेवाइकाच्या ताब्यात तिची मालमत्ता आहे किंवा जो ती वारशानं घेणार आहे, त्याच्याकडे मागता येते. पुतण्यांनी हे ऐकून ठेवावं. अर्ज प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे करायचा. वकील लागत नाही. तिला स्वतः जमत नसेल तर तिच्या वतीनं दुसरी व्यक्ती किंवा संस्था अर्ज करू शकते. नोटीस पोचल्यापासून नव्वद दिवसांत निकाल द्यावा, असं कायदा म्हणतो. रक्कम महिना दहा हजारांपर्यंत.

दुसरं कलम लक्षात ठेवा, तेविसावं. तिनं घर-जमीन बक्षीसपत्रानं कुणाला दिली, माझं बघशील या अटीवर, आणि त्यानं बघितलं नाही, तर ते बक्षीसपत्र रद्द होऊ शकतं. पण अट असायला हवी. तोंडी ‘मी आहे ना आई’ यावर जाऊ नका. कागदावर लिहून घ्या. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका आईच्या बाजूनं निकाल देताना या कलमाचा अर्थ उदारपणे लावायला सांगितला आहे, तरी कागद तो कागद. आमच्याकडे आलेल्या एका बाईनं कलमांची बाग पुतण्याला दिली. कागदावर ‘प्रेमापोटी’ एवढंच लिहिलेलं होतं. दस्त वाचून दाखवला नव्हता. तिनं अंगठा केला. आता त्या बागेतले आंबे वाशीच्या बाजारात जातात आणि ती निवासात बसून बागेतल्या एकेका कलमाचं नाव सांगते. तिच्यासाठी आम्ही अर्ज केला आहे. पुतण्याकडून महिन्याची रक्कम मिळेल अशी आशा आहे. बाग परत मिळणं अवघड आहे.

भावांसाठी हक्कसोडपत्रावर सही करणाऱ्या बहिणींनाही हेच सांगते. सही करण्याआधी म्हातारपणीच्या छपराचा विचार करा.

आता एक धोका. हा कायदा सुनेविरुद्ध वापरला जातो. मुलगा बायकोशी भांडतो, आणि सासू-सासऱ्यांच्या नावानं अर्ज करून सुनेला घराबाहेर काढलं जातं. डिसेंबर २०२० मध्ये एस. वनिता विरुद्ध उपायुक्त, बंगळूर या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानं बाईला सामाईक घरात राहण्याचा जो हक्क दिला आहे, तो ज्येष्ठांच्या कायद्याचा आधार घेऊन सरळ डावलता येणार नाही. दोन्ही कायद्यांचा मेळ घालावा लागेल. सासू आणि सून यांना एकमेकींसमोर उभं करून मालक बाजूला बसतो, हा खेळ जुना आहे. कोर्टात तरी तो आपण चालू देता कामा नये. मुलगा मारतो, उपाशी ठेवतो, पेन्शन हिसकावतो, अशा वेळी आईलाही कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली तक्रार करता येते, हे फार कमी जणींना माहीत आहे.

डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत या कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक आलं होतं. त्यात निवासांची नोंदणी आणि किमान दर्जा यांची तरतूद होती. ती आपल्याला हवीच होती. पण त्यातच जबाबदार ‘मुलां’च्या व्याख्येत सून आणि जावईही घातले होते. कागदावर दोघं, प्रत्यक्षात कुणावर येणार ते तुम्हीच सांगा. ते विधेयक मंजूर न होताच त्या लोकसभेची मुदत संपली. त्यामुळे आज निवास चालवणारी संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली असते, हिशेब देते. पण रात्री किती बाया कामावर होत्या, हे त्या हिशेबात येत नाही.

सरकारनं जिल्ह्याला निदान एक, दीडशे माणसांचं निवास उभारावं असंही २००७ च्या कायद्यात आहे. पण मंडणगडच्या डोंगरातल्या बाईला रत्नागिरीत दीडशे अनोळखी माणसांत नेऊन ठेवणं हा इलाज नव्हे. तिला आपली बोली बोलणारी माणसं हवीत, शेजारीण एसटीनं भेटायला येऊ शकेल एवढं अंतर हवं. पंधरा-वीस जणींची छोटी निवासं तालुक्याला दोन-तीन असावीत, त्यांना सरकारी अनुदान असावं, आणि त्यावर लोकांची नजर असावी.

आपण काय करू शकतो?

भाषण करून मी निघून जाणार, मागं तुम्हीच. म्हणून करता येण्याजोगं सांगते.

तुमच्या तालुक्यात जे निवास असेल तिथं मंडळाच्या दोघी-दोघींनी पाळीपाळीनं जायचं. वाढदिवसाला फळं वाटून फोटो काढायला नको, नेमानं जायचं. न कळवता, कधी संध्याकाळी. गेल्यावर पाच प्रश्न विचारायचे. रात्री कामावर किती जणी आहेत? कुणाला बांधून ठेवलं आहे का? प्रत्येकीच्या पैशांचा हिशेब कुणाकडे आहे? काम करणाऱ्या बाईला पगार किती, सुट्टी किती? आणि राहणाऱ्या बाईला एकटीशी बोलू देता का? उत्तरं लिहून ठेवायची. संस्थाचालक रागावतील. काहीजण तुमच्यापुढे अडचणी मांडतील, तेव्हा त्याही ऐकायच्या. अनुदानाचे कागद करायला मदत करायची.

दुसरं, वाडीवर एकट्या राहणाऱ्या बायांची यादी करायची. आशाताईंना ती माहीत असते. पावसाळ्याआधी त्यांच्या पायऱ्यांवरचं शेवाळ घासून काढायचं, न्हाणीत धरायला दांडा बसवायचा. खर्च फार नाही. एक खुबा वाचला तर एक बाई तिच्या घरात पाच-दहा वर्षं जास्त राहते. ज्येष्ठांसाठी १४५६७ हा मदतीचा फोन आहे, तो आकडा तिच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवायचा.

तिसरं, घरात. आईचं करायचं तर मुलानंही करायचं. डायपर बदलायला पुरुषाचे हात चालतात. लेकीच्या घरी आईनं राहू नये, पाणीसुद्धा पिऊ नये, या जुन्या गोष्टी आता सोडून द्या. कायद्यानं लेक जबाबदार आहे, मग आईचा हक्कही तिच्या घरावर आहे. आणि सुनेनं नोकरी सोडण्याआधी घरात सगळ्यांनी बसून हिशेब मांडा : तिचा पगार किती जाईल, त्या पैशात मदतीला बाई मिळेल का, दीर-नणंदा किती देणार. हिशेब मांडला म्हणून प्रेम कमी होत नाही.

शेवटचं आपल्यापुरतं. इथं बसलेल्या पुष्कळजणी एकट्या आहेत. काहींनी लग्न केलं नाही, काहींना टाकलं, काहीजणींनी स्वतः सोडलं. चळवळीत आयुष्य गेलं, पेन्शन नाही. आपण दुसऱ्या बायांच्या छपरासाठी भांडलो, आपल्या म्हातारपणाचं बोलणं मात्र टाळतो. पुढच्या बैठकीत हा एकच विषय ठेवू या. कोण कुणाजवळ राहणार, कागदपत्रं कुठं आहेत, आजारपणात निर्णय कुणी घ्यायचा, महिन्याला किती बाजूला टाकता येईल. जिच्याकडे जागा आहे तिनं सांगावं, जिच्याकडे नाही तिनंही सांगावं. वही मी घेऊन येईन.